पाव शतक जुन्या एमएक्स-५ साठी शॉक कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा असून गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. चार वर्षांपूर्वी २००१ सालची माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटर इंजिनाची, हौसेने विकत घेतली. गाडी आता ८८ हजार मैल चालली आहे. यंदाच्या एमओटी तपासणीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीत, ती पास झाली, परंतु मागच्या डाव्या शॉकवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) तेलाचा ओलावा आहे आणि पुढच्या खालच्या आर्मच्या बुशांना, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या रबरी सांध्यांना, भेगा पडल्या आहेत, असे दोन शेरे मिळाले. खड्डा आला की मागून ‘धाड’ असा आवाज येतो आणि वळणात रस्ता खराब असला तर गाडीची मागची बाजू उडी मारते. गॅरेजने सर्व भाग कंपनीचे घालून २,३०० पौंडांचा अंदाज दिला आहे. एक मित्र म्हणतो की ६५० पौंडांत तीस टप्प्यांचे कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच, येतात, त्यात सगळे मिटेल. नाशिकहून वडील सांगतात, ‘कंपनीचाच पार्ट घाल, बाहेरचा घालून पस्तावू नकोस.’ पत्नीला पाठदुखीचा त्रास आहे आणि सुट्टीच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमध्ये आम्ही दोघे या गाडीतून फिरतो. ट्रॅकवर जाण्याचा विचार नाही. गाडी आणखी दहा वर्षे ठेवायची आहे. काय करावे?

उत्तर: कॉइलओव्हरची मागणी अद्याप नोंदवली नसेल तर ती आणखी पंधरा दिवस थांबवावी, ही पहिली विनंती. कॉइलओव्हरशी माझे वैर नाही. परंतु आपण ही गाडी घेतली तेव्हाच ती वीस वर्षांच्या घरात होती, म्हणजे तिचे सस्पेन्शन धडधाकट असताना ती कशी चालत होती हे आपण कधी अनुभवलेलेच नाही. मूळ चाल ठाऊक नसलेल्या गाडीत सुधारणा करायला निघालेला माणूस बहुधा जुना दोष झाकून त्यावर नवा दोष चढवतो, हे मी शॉकच्या चाचणी विभागात काढलेल्या वर्षांत पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आपली गाडी काही साधीसुधी नाही. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ च्या विकासाचे प्रमुख ताकाओ किजिमा हे मुळात चॅसिसचे अभियंते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत अशा अर्थाचा ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग माझदा या गाडीच्या संदर्भात वापरत आली आहे, आणि त्यामागे चारही चाकांचे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आर्मनी धरणारे) सस्पेन्शन आणि एक टनाच्या जेमतेम वर जाणारे वजन उभे आहे. हलक्या गाडीला मवाळ स्प्रिंग पुरते, मवाळ स्प्रिंगला बेताचा शॉक पुरतो, आणि त्या दोघांना सांभाळून घेण्यासाठी बुशांचे रबर किती कडक असावे, बंप स्टॉप किती लांब असावा, टायरची भिंत किती उंच असावी, हे सारे एकमेकांना धरून ठरवलेले असते. म्हणून ‘ओरिजिनल की आफ्टरमार्केट’ हा प्रश्न अख्ख्या गाडीला एकदाच विचारून चालत नाही. तो एकेका भागाला विचारावा लागतो, आणि विचारताना हा भाग घातल्यावर बाकीच्यांशी त्याचे जुळेल का, हे पाहावे लागते.

आता ती ‘धाड’. आपण तिचा दोष शॉकला देत आहात आणि शॉकचाही त्यात वाटा असेलच, परंतु माझा पहिला संशय बंप स्टॉपवर आहे. शॉकच्या दांड्यावर, वरच्या टोकाला, फेसाळ पॉलियुरेथेनचा एक लांबट ठोकळा असतो. सस्पेन्शन पुरते दबू लागले की धातूवर धातू आपटण्याआधी तो चेपला जातो आणि चेपता चेपता कडक होत जातो. या गाडीत चाकाला वर जायला मुळातच फार जागा नाही, त्यामुळे जरा मोठा खड्डा आला की बंप स्टॉप कामाला लागतो. तो इथे अपघातापुरता ठेवलेला नाही, तो स्प्रिंगचाच दुसरा हप्ता आहे. वीस-पंचवीस वर्षांत त्या फेसाचे काय होते ते आपण शॉक उतरवताना अवश्य पाहावे. धुळीचे संरक्षक नळकांडे बाजूला केले की आत पिवळसर भुगा सांडतो, बोटाने दाबला तर शिळ्या केकसारखा चुरा होतो, आणि पुष्कळदा दांड्याला त्याची नुसती एक कडी चिकटून राहिलेली असते. मग ज्या खड्ड्यावर गाडीने ‘हुप्प’ करायचे तिथे ती ‘धाड’ करते. वळणात मागची बाजू उडते तिचेही अर्धे कारण हेच असू शकते, कारण वळणात बाहेरचे चाक आधीच दबलेले असते आणि त्यातच खळगा आला की ते थेट टोकाला जाऊन भिडते, आणि टोकाला भिडलेल्या चाकाची पकड क्षणभर सुटते. गंमत अशी की गॅरेजच्या अंदाजपत्रकात हा भाग बहुधा नसतोच. शॉक मागवले जातात, जुना भुगा झटकला जातो आणि नव्या शॉकवर जुनीच कडी चढते. आपल्या अंदाजपत्रकात चार बंप स्टॉप आणि चार धूळ-नळकांडी लिहिलेली आहेत का, ते आजच विचारावे. एकूण खर्चात त्यांची किंमत नगण्य आहे.

एमओटीच्या शेऱ्याविषयी थोडेसे. शॉकवर तेलाचा नुसता ओलावा असणे हे नापास करण्याचे कारण धरत नाहीत, म्हणून आपल्याला केवळ सूचना मिळाली. शॉक उघडउघड गळत असता तर गाडी नापासच झाली असती. परंतु ८८ हजार मैलांनंतर कोरडा दिसणारा शॉकही आतून थकलेला असतो, आणि त्याचा ऱ्हास इतका हळूहळू होतो की रोजच्या चालकाला तो जाणवत नाही. तेव्हा चारही शॉक बदलावेत. एकच बदलू नये, दोन मागचे बदलून दोन पुढचे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असेही करू नये.

खरेदीला हात घालण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. टायरमधली हवा आपण किती ठेवता? या गाडीसाठी कंपनीने २६ पीएसआय सांगितले आहेत, आणि आजच्या जड गाड्यांची सवय लागलेले टायरवाले डोळे झाकून ३२ किंवा ३४ भरतात. एवढ्या हलक्या गाडीत त्या सहा-आठ पीएसआयने पाठीला काय फरक पडतो, हे एकदा २६ वर आणून त्याच रस्त्याने जाऊन पाहावे. टायरच्या भिंतीवर लंबगोलात छापलेले चार आकडेही वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. हौशी गाड्या कमी चालतात, त्यांच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र लाकूड झालेले असते. असे दहा-बारा वर्षांचे टायर असतील तर शॉकवर खर्च करून त्याचा उपयोग आपल्याला कळणारच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या पिढीच्या एमएक्स-५ चा खरा शत्रू गंज आहे, आणि तो दाराखालच्या पट्ट्यांइतकाच पुढच्या चॅसिस रेलमध्ये, म्हणजे सांगाड्याच्या पोकळ तुळयांमध्ये, लपतो. पुढचे सस्पेन्शन जिथे धरले जाते त्या भागात ही रेल दुहेरी पत्र्याची आहे. हिवाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर जे मीठ टाकतात ते दोन पत्र्यांच्या मध्ये शिरते आणि रेल आतून कुजू लागते, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत दाराच्या कडा गंजलेल्या पाहून आपण हळहळतो, परंतु ते मीठ हवेतले. इथे ते रस्त्यावर पेरलेले असते. एमओटी करणाऱ्याला खालचे आच्छादन काढण्याची मुभा नसते, त्यामुळे तो शेरा देईलच असे नाही. गाडी उचलून, गरज पडल्यास खालचे आच्छादन उतरवून, रेलवर टोचा मारून पाहणारा माणूस शोधावा. रेल पोकळ वाजली तर २,३०० पौंडांचा पहिला हप्ता वेल्डिंगवाल्याला जाईल, आणि तसे झाले तर सस्पेन्शनचा सारा विचार पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट स्प्रिंगची. स्प्रिंग बसली आहे का हे डोळ्यांनी ठरवू नये. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवा मध्ये येते. डावी-उजवी बाजू चार-पाच मिलिमीटरांच्या आत जुळत असेल, स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेटोळ्यावर गंजाची खपली नसेल आणि टोक तुटलेले नसेल, तर मूळ स्प्रिंग ठेवाव्यात. स्प्रिंगचे पोलाद रबरासारखे म्हातारे होत नाही. एक जरी तुटली तरी त्या धुरीवरच्या दोन्ही बदलाव्यात.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. ‘कंपनीचाच पार्ट घाल’ या सल्ल्यामागे आपल्याकडच्या बाजारातला अनुभव आहे, आणि तो अनुभव मीही घेतलेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या आर्मचे बुश मी नाना पेठेतल्या एका दुकानातून घेतले होते. कंपनीचा डबा, कंपनीचे लेबल, दुकानदाराची शपथ, सगळे व्यवस्थित होते. चार महिन्यांत रबर कोयीसारखे सुटून बाहेर आले. डबा खरा होता, आतला माल कुठल्या तरी शेडमध्ये ओतलेला होता. तेव्हापासून ‘ओरिजिनल’ या शब्दाचे मी तीन तुकडे करतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातून आलेला भाग हा एक. ज्या पुरवठादाराने तो गाडीच्या कंपनीसाठी बनवला त्यानेच स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा दुसरा. आणि दुसऱ्याच कोणी बनवलेला, परंतु मोजमाप आणि गुणधर्म मूळ भागाबरहुकूम असलेला, हा तिसरा. गाडीच्या कंपन्या शॉक, बुश किंवा बॉल जॉइंट सहसा स्वतः बनवत नाहीत. त्यामुळे पहिला आणि दुसरा यांत पुष्कळदा फरक असतो तो लेबलाचा आणि किमतीचा. तिसऱ्यात मात्र सोनेही असते आणि पितळही. आपल्याकडे अधिकृत विक्रेत्याच्या खिडकीवर उभे राहणे ही नकली मालापासून वाचण्याची पद्धत होती आणि आहे. इंग्लंडमध्ये ती भीती प्रतिष्ठित दुकानांत फारशी नाही, परंतु ऑनलाइन बाजारात कोणीही विक्रेता अर्ध्या किमतीत नावाजलेला डबा विकत असेल तर नाना पेठ आठवावी.

कंपनीचा भाग कुठे घ्यावा याचे माझे उत्तर स्पष्ट आहे: जिथे जिथे रबर आहे तिथे. आर्मच्या बुशमध्ये आत पोलादी नळी असते, बाहेर पोलादी कवच असते आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर. बोल्ट कसला की आतली नळी घट्ट धरली जाते, आणि चाक वर-खाली होताना काहीच घसरत नाही, नुसते रबर पिळले जाते आणि सुटते. म्हणजे तो सांधा आहे तशीच ती एक छोटी स्प्रिंगही आहे. रबर कोणत्या दिशेला किती मऊ असावे यावर ब्रेक मारताना चाक किंचित मागे कसे सरकेल आणि रस्त्याची खरखर आसनापर्यंत किती पोहोचेल, हे ठरते. स्वस्त बुशचे माप मूळ बुशइतकेच असते, परंतु आतल्या रबराची घडण कोणी मोजत नाही, आणि दीड-दोन वर्षांत ते चिरू लागते. एकदा दाबयंत्रावर चढवून बुश बसवला की तो पुन्हा काढण्याची मजुरी बुशच्या किमतीच्या कितीतरी पट असते. तेव्हा इथे काटकसर करणे म्हणजे तीच मजुरी दोनदा भरणे.

इथे एक सावधगिरी. कंपनीचे रबरही फळीवर पडून म्हातारे होते. आपल्या हाती आलेल्या बुशवर नखाने दाबून पाहावे. पृष्ठभाग चकचकीत पांढुरका झालेला असेल किंवा दाबल्यावर बारीक रेघा उमटत असतील तर तो परत करावा, मग डब्यावर माझदाचे नाव कितीही स्वच्छ छापलेले असो. या गाडीची सुदैवाची बाजू अशी की ती जगात अफाट खपली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे सुट्या भागांची साखळी अजून जिवंत आहे. पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी तर माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पुनरुज्जीवनाची सेवाच जाहीर केली आणि काही भाग नव्याने बनवायला घेतले. ज्या जागी बुश किंवा बॉल जॉइंट सुटा मिळत नाही आणि अख्खा आर्मच घ्यावा लागतो, तिथे गॅरेजला दोन्ही हिशेब मांडायला सांगावेत. मजुरी धरली तर पुष्कळदा अख्खा आर्मच स्वस्त पडतो.

आपला मित्र पुढे पॉलियुरेथेनचे बुशही सुचवेल. ते वाईट नाहीत, चुकीच्या जागी ते त्रासदायक आहेत. त्यांत रबरासारखे पिळणे नसते, नळी आत फिरत राहते. म्हणून त्यांना सिलिकोनचे ग्रीस लागते, आणि ते सुकले की जुन्या वाड्याच्या दारासारखा आवाज सुरू होतो. रस्त्याची खरखर ते जवळजवळ जशीच्या तशी वर पाठवतात. ट्रॅकवर जाणाऱ्याला चाक तसूभरही हलू नये असे वाटते, त्याला ते चालतात. पाठदुखीचा प्रवासी शेजारी बसणार असेल तर आर्ममध्ये रबरच. वळणात गाडीचे कलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार जिथे चॅसिसला धरला जातो तिथले इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे बुश मात्र खुशाल पॉलियुरेथेनचे घ्यावेत, कारण तिथे बार नुसता फिरतो. त्याच बारच्या टोकांच्या लिंकही बाहेरच्या एखाद्या जाणत्या कंपनीच्या घ्याव्यात. त्या दोन बोल्टांनी अर्ध्या तासात बदलतात आणि बिघडल्या तर टकटक करून स्वतःच सांगतात.

शॉकचे गणित वेगळे आहे. इथे माझदाच्या डब्याचा मला आग्रह नाही. शॉक बनवणे हा त्या त्या कंपनीचा पिढीजात धंदा आहे. जपानची कायाबा, जर्मनीची बिलस्टीन, हॉलंडची कोनी ही नावे गाडीच्या कंपन्यांच्या दारी पुरवठादार म्हणून उभी राहिलेली आहेत, आणि एमएक्स-५ च्या काही स्पोर्ट प्रकारांत तर कारखान्यातूनच बिलस्टीन बसवलेले असत. आपली गाडी साधी १.८ असावी असे स्पोर्ट प्रकाराच्या उल्लेखाअभावी मी गृहीत धरतो, परंतु पुढे काहीही मागवण्यापूर्वी आपल्या गाडीत आज कोणते शॉक आहेत ते वाचून घ्यावे. पूर्वीच्या मालकाने काही उद्योग केलेला असेल तर तो इथेच सापडेल.

कायाबाचे मूळ धाटणीचे शॉक स्वस्त आहेत, साधे आहेत आणि गाडी नवी असताना जशी होती तिच्या जवळ नेऊन ठेवतात. बिलस्टीनच्या खोक्यावरील अक्षरे नीट पाहावीत. बी४ म्हणजे मूळच्या जागी बसणारा, बी६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठीचा परंतु अधिक जोरकस, आणि बी८ म्हणजे आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी आखूड केलेला. मूळ स्प्रिंगवर बी८ घालणे ही ऑनलाइन खरेदीत हमखास होणारी चूक आहे. बी६ उत्तम शॉक आहे, पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्नेक पास घाटाच्या मोकळ्या वळणांवर तो आपल्याला फार आवडेल, परंतु त्याच्या आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि बारीक खळग्यांवर तो थोडा टोचतो. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये उसळी परत येतानाचा रोध कमी-जास्त करता येतो. मी आपल्या जागी असतो तर कोनी घेतले असते, ते सर्वांत मऊ टोकापासून अर्धा फेरा आत ठेवले असते, आणि स्प्रिंगची बैठक सर्वांत वरच्या खोबणीत ठेवून गाडीची मूळ उंची राखली असती. पाच-सात वर्षांनी शॉक थोडा थकला की आणखी अर्धा फेरा आत घ्यावा. दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. त्यांची किंमत डोईजड वाटली तर कायाबा घ्यावेत, त्यात कमीपणा काहीच नाही.

६५० पौंडांच्या कॉइलओव्हरबद्दल आता बोलतो. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर आपल्या गाडीत आजही शॉकभोवतीच स्प्रिंग आहे, म्हणजे नाव तेच. मित्राच्या मनात आहेत ते आट्याच्या नळीवर फिरणारी बैठक असलेले, उंची कमी करता येणारे संच. उंची हवी तशी ठेवता येते हे खरे, परंतु स्वस्त संचातली स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या दुप्पट किंवा त्याहूनही कडक असते. स्प्रिंग दुप्पट केली की गाडीच्या उसळीची वारंवारता वर्गमुळाच्या पटीने, म्हणजे १.४१ पट वाढते. मूळची चाल सेकंदाला १.४ हेलकावे अशी धरली तर ती दोनवर जाते, आणि दोन ही रस्त्यापेक्षा ट्रॅकला शोभणारी चाल आहे. अशा स्प्रिंगला आवरायला शॉकही कडक लागतो, आणि कडक शॉक रस्त्यावरची बारीक, जलद कंपने वर पाठवतो. माणसाचे शरीर उभ्या कंपनांना सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात सर्वांत हळवे असते. पत्नीची पाठ नेमकी तिथे बोलेल. त्यातच गाडी तीस मिलिमीटर खाली बसवली तर चाकाला वर जायला जी थोडी जागा होती तीही गेली, म्हणजे ‘धाड’ पुन्हा दारात हजर. तीस टप्पे हे आकर्षण आहे हे मी जाणतो. चाचणी यंत्रावर स्वस्त शॉक लावले तर पुष्कळदा पहिल्या दहा टप्प्यांत काहीच हलत नाही आणि शेवटच्या चारांत सगळे बदलते, शिवाय एकाच संचातले डावे-उजवे एका टप्प्यावर सारखे नसतात. त्यावर रस्त्यावरचे मीठ. दोन हिवाळ्यांत बैठकीच्या कड्या आट्यांवर जाम होतात आणि ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच संपते. चांगले कॉइलओव्हर असतात, ते उघडून दुरुस्त करता येतात आणि त्यांची किंमत आपल्या मित्राच्या आकड्याच्या कितीतरी वर आहे. आणि हो, ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवता ठेवला तर दाव्याच्या वेळी तो आपल्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

भाग ठरले की उरते ती मजुरी, आणि या वयाच्या गाडीत खरा खर्च तिथेच आहे. चाकांचे कोन ज्या विकेंद्री बोल्टांनी जुळवतात ते बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावला की बोल्ट फिरत नाही, सोबत रबर पिळत जाते. शेवटी करवतीने कापावे लागतात. म्हणून नवे बोल्ट, वॉशर आणि नट आधीच मागवून ठेवावेत आणि बसवताना त्यांच्या अंगाला तांब्याचे ग्रीस लावण्यास सांगावे. याच कारणाने काम हप्त्याहप्त्याने करू नये. आर्म उतरले की त्याच दिवशी बुश, शॉक, बंप स्टॉप, वरच्या बैठकीचे रबर, लिंक, सगळे होऊ द्यावे.

दोन गोष्टी आपण स्वतः उभे राहून पाहाव्यात, कारण चांगले कारागीरही घाईत त्या विसरतात. द्विनळी शॉक (एकात एक दोन नळ्या असलेला) आडवा पडून राहिला की त्याच्या आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून पूर्ण दाबावा आणि पूर्ण ताणावा, असे पाच-सहा वेळा, दांडा मध्येच रिकामा घसरायचा थांबेपर्यंत. आणि आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना अखेरचे कसू नयेत. वर सांगितल्याप्रमाणे बोल्ट कसला की आतली नळी त्या स्थितीत धरली जाते. चाक लोंबत असताना कसले तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर प्रत्येक रबर कायमचे पिळलेले राहते, उंची किंचित वाढलेली दिसते, चाल ताठर होते आणि कंपनीचा महागडा बुशही वर्षा-दोन वर्षांत फाटतो. हबखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीवर आणावे आणि मगच कसावे. आपण आधी टेपने घेतलेले मध्यबिंदू ते कमान हे माप इथे उपयोगी पडेल, तो कागद कारागिराच्या हाती द्यावा. पहिल्या दोनशे मैलांनंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतके ओझे ठेवून केले तर अधिक बरे. मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) आणि डावी-उजवी बाजू शक्य तितकी सारखी, एवढे रस्त्यासाठी पुरते.

गॅरेजचा २,३०० चा आकडा या हिशेबाने थोडा खाली येईल. शॉक आणि लिंक माझदाच्या डब्याबाहेरून घेतल्याने वाचेल ते बंप स्टॉप, नवे विकेंद्री बोल्ट आणि अलाइनमेंट यांत काही अंशी परत जाईल. त्यांनी बाहेरचे शॉक बसवायला नकार दिला तर ते केवळ आडमुठेपणा करत आहेत असे समजू नये. पुष्कळ गॅरेज स्वतः न आणलेल्या भागाची हमी देत नाहीत. त्यांनाच कोनी किंवा कायाबा मागवायला सांगावे, म्हणजे हमीही त्यांच्याकडेच राहील.

कामाची तारीख ठरली की तिच्या आधीचे आठ दिवस रोज संध्याकाळी त्या विकेंद्री बोल्टांच्या दोन्ही टोकांवर गंज सोडवणारे तेल फवारावे. प्रत्येक कोपऱ्यातल्या खालच्या आर्मला असे दोन-दोन, म्हणजे एकूण आठ बोल्ट आहेत. फवारण्याआधी तारेच्या ब्रशने माती झटकावी, आणि प्रत्येक बोल्टची आजची खूण कोणत्या रेघेवर आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.